कोटिंग ‘येतं’ तेव्हा

एमआयडीसीतल्या पेंट शॉपमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘जॉबला कोटिंग आलं नाही.’ जॉब म्हणजे काम नव्हे, वस्तू. फॉस्फेटच्या टाकीतून नुकताच वर काढलेला पोलादाचा एखादा सुटा भाग, ब्रॅकेट म्हणा, कपाटाचं दार म्हणा. तो अंगभर सारखा राखाडी आणि मंद दिसायला हवा. कुठे मूळ पत्र्याची चकाकी उरली असेल, कुठे पिवळट डाग असेल, तर सुपरवायझर त्यावर नख ओढून बघतो. पांढरी रेघ उमटली तर तिथे कोटिंग आहे. नख नुसतंच घसरलं तर नाही. मग वरचं वाक्य येतं, आणि त्याला टाकीवरच्या माणसाचं उत्तर : ‘मघापासून येत नाहीये, टोनर कमी पडलंय.’

यातल्या ‘येणे’ या क्रियापदाने मला विचारात पाडलं. कारण धातूवर काही चढवायचं झालं की मराठी एरवी असं बोलत नाही. रंग आपण मारतो किंवा देतो. भांड्याला कल्हई करतो किंवा लावतो. मुलामा चढवतो, वर्ख लावतो, लेप देतो, ग्रीस फासतो. या सगळ्यांत कर्ता माणूस आहे आणि पदार्थ बाहेरचा आहे. ब्रश, चिंधी, बोटं, काही ना काही हातात आहेच. फॉस्फेटचं कोटिंग मात्र आपण करत नाही. आपण जॉब टाकीत सोडतो आणि ते ‘येतं’, नाहीतर ‘येत नाही’, जसं झाडाला फळ येतं किंवा अंगावर पुरळ येतं. पुष्कळदा ‘धरलं नाही’ असंही म्हणतात. दिवसभर त्या टाकीपाशी उभं राहणाऱ्या माणसाने रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलेलं असो वा नसो, त्याच्या व्याकरणाला रसायन बरोबर कळलेलं आहे.

टाकीत काय असतं? बरंचसं पाणी, थोडं फॉस्फरिक ॲसिड आणि त्यात विरघळलेलं जस्ताचं फॉस्फेट. हे द्रावण अशा बेताने जमवलेलं असतं की जस्ताचं फॉस्फेट जेमतेम विरघळलेलं राहतं. आम्लता जरा उतरली की ते पाण्यात थांबणार नाही. आता यात पोलादाचा पत्रा बुडवला की ॲसिड आधी पत्र्यालाच खातं. लोखंड विरघळू लागतं, हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात. पण खाताना ॲसिड स्वतःही खर्ची पडतं, आणि ते पडतं नेमकं पत्र्याच्या अंगालगत. टाकीभर पाणी होतं तितकंच आंबट राहतं. पत्र्याला चिकटलेल्या अगदी पातळ थरातली आम्लता मात्र उतरते. त्या थरातलं फॉस्फेट मग पाण्यात राहू शकत नाही, ते पत्र्यावरच स्फटिक होऊन बसतं, आणि बसताना नुकतंच विरघळलेलं थोडं लोखंडही आपल्यात गुंफून घेतं. म्हणजे वरच्या थरात खालच्या पत्र्याचाच अंश असतो. पत्रा सगळीकडून झाकला गेला की ॲसिडला खायला जागा उरत नाही आणि क्रिया आपोआप थंडावते. टोनर म्हणतात ते बहुधा सोडियम नायट्राइटचं पाणी. ते बुडबुड्यांचा अडथळा दूर करतं, क्रिया झपाट्याने पुढे नेतं. ते कमी पडलं की पत्रा नुसता खाल्ला जातो, स्फटिक धरत नाहीत, आणि सुपरवायझरचं नख घसरतं.

मराठीत याला नेमका जुळणारा एक प्रकार आहे : साय. साय दुधावर कुणी घालत नाही, ती दुधाचीच असते आणि दुधावरच धरते. भाषेनेही ते नीट ओळखलं आहे. ‘दुधाला साय आली’, ‘साय धरली’ असंच आपण म्हणतो, ‘साय लावली’ असं कुणी म्हणत नाही. पेंट शॉपमधलं ‘येणं’ आणि ‘धरणं’ याच जातीचं आहे.

इंग्रजीत या प्रकाराला ‘कन्व्हर्जन कोटिंग’ म्हणतात. लॅटिनमधल्या ‘वळवणे’ या अर्थाच्या धातूपासून कन्व्हर्जन निघालं. धर्मांतराला इंग्रजीत जो शब्द आहे तोच हा. परिभाषा घडवणाऱ्या समितीच्या हाती हा शब्द दिला तर ती ‘रूपांतरण-लेप’ असं काहीतरी देईल आणि पुढच्या शब्दाकडे वळेल. पण हा समास स्वतःशीच भांडतो. लेप ‘लिप्’ धातूपासून आलेला, म्हणजे माखलेला, सारवलेला. ज्याचं रूपांतर झालं ते माखलेलं नसतं आणि जे माखलं त्याचं रूपांतर झालेलं नसतं. ‘रूपांतर’ हा शब्द एकटा छान आहे. देशांतर म्हणजे दुसरा देश, मतांतर म्हणजे दुसरं मत, तसं रूपांतर म्हणजे दुसरं रूप. धातू तोच, त्याच्या पृष्ठभागाने दुसरं रूप घेतलं. त्याला लेपाचं शेपूट लावायची गरज नाही. अर्थात कारखान्यात यांपैकी काहीच चालत नाही. तिथे ‘फॉस्फेटिंग’ आहे आणि ते राहणार.

आता गंमत अशी की ज्याच्यापासून पत्रा वाचवायचा तो गंजसुद्धा याच जातीचा. गंज बाहेरून कुणी आणून लावत नाही. लोखंडाचं हवेतल्या प्राणवायूमुळे आणि पाण्यामुळे जे रूपांतर होतं तो गंज. आणि क्रियापदं बघा : गंज येतो, धरतो, चढतो. लोखंडाचे दोन रूपांतरित थर, एक आपल्याला हवा असलेला आणि एक नको असलेला, आणि भाषेने दोघांना एकाच पंक्तीला बसवलं. फरक त्यांच्या बांधणीत आहे. गंज सच्छिद्र आणि फुगीर असतो, त्याने मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापलेली असते, म्हणून तो सुटतो, त्याच्या पापुद्र्यांतून पाणी आत शिरतं आणि खाली नवा गंज सुरू होतो. फॉस्फेटचे स्फटिक बारीक, एकमेकांना खेटून आणि पत्र्याशी जखडलेले.

गंजाच्या शब्दांचं कूळ शोधायला गेलं की हाताला सगळीकडून तांबडा रंग लागतो. इंग्रजी ‘रस्ट’ आणि ‘रेड’ एकाच जुन्या धातूची लेकरं. तोच धातू संस्कृतात रुधिर, रोहित, लोहित या शब्दांत आहे, आणि बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते ‘लोह’ हा शब्दही तिथलाच. संस्कृतात लोह आधी तांबूस धातूला, म्हणजे तांब्याला होतं. पुढे ते धातूमात्राचं नाव झालं आणि अखेर लोखंडापाशी येऊन थांबलं. लोखंड म्हणजे तर उघड उघड लोह-खंड. तेव्हा ‘रस्ट’ आणि ‘लोह’ हे चुलतभाऊ आहेत. एका भाषेत त्या रंगाने धातूला नाव दिलं, दुसरीत धातूच्या दुखण्याला. मराठीने पुन्हा तेच केलं, पण शेतात. गव्हाच्या पानांवर तांबड्या-नारिंगी भुकटीचे ठिपके पडतात तो तांबेरा. इंग्रजीत त्या रोगाचं नावही ‘रस्ट’च आहे. इंग्रजाला पानावर लोखंडाचा गंज दिसला, मराठी शेतकऱ्याला तांबं दिसलं.

‘गंज’ला एक फारसी जोडीदार आहे, ‘जंग’. गंजलेलं आणि जंगलेलं ही दोन्ही रूपं मराठीत सुखाने नांदतात. फारसीत गंजाला ‘झंग’ म्हणतात आणि लढाईला ‘जंग’. तिथे ते दोन वेगळे शब्द, वेगळी अक्षरं. मराठीत येताना ‘झ’ आणि ‘ज’ यांचा भेद पुसला गेला आणि दोन्ही ‘जंग’ झाले. त्यामुळे तलवारीला जंग चढतो आणि त्याच तलवारीने जंग लढतात. जिभेने केलेला हा अपघात आहे, पण अर्थ जुळल्यासारखा वाटतो, कारण न लढलेली तलवारच गंजते. अशा योगायोगांच्या मोहात शब्दचर्चा करणाऱ्याने फार पडू नये. ‘जंगल’ त्या दोघांचं कुणीच नाही, ते संस्कृतातलं ‘जांगल’.

फॉस्फेटकडे येऊ. १६६९ साली हांबुर्गच्या हेन्निग ब्रांट नावाच्या किमयागाराने सोनं मिळेल या आशेने मूत्र आटवलं. पिंपांच्या हिशोबाने आटवलं. सोनं मिळालं नाही. मिळाला एक मेणासारखा पदार्थ, जो अंधारात आपण होऊन उजळत होता. त्याला फॉस्फरस म्हणू लागले. ग्रीकमध्ये ‘फोस’ म्हणजे प्रकाश आणि ‘फोरोस’ म्हणजे वाहणारा. हे नाव ग्रीकांनी फार आधी पहाटेच्या शुक्राला दिलेलं होतं, प्रकाश घेऊन येणारा म्हणून. लॅटिनमध्ये त्याचंच ल्युसिफर झालं. आणि हे दोन्ही तुकडे आपल्याला परके नाहीत. ‘फोस’ ज्या मुळापासून आला तेच संस्कृतातलं ‘भा’, ज्यातून भास, भानू, आभा, प्रभा हे शब्द झाले. ‘फोरोस’चं मूळ म्हणजे ‘भृ’, ज्यातून भार, भरण, भरणे. ग्रीकांचा ‘फ’ आणि आपला ‘भ’ एकाच जुन्या ध्वनीचे वारस. म्हणजे फॉस्फरस हा शब्द संस्कृताच्या साच्यात ओतला तर ‘भाभर’ असा काहीतरी निघाला असता. १७८७ साली गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्रुआ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी नव्या नामकरणाची पद्धत मांडली. क्षारांच्या नावांचे ‘एट’ आणि ‘आइट’ हे प्रत्यय तेव्हापासून रुळले. फॉस्फेट त्याच पद्धतीतलं.

मराठीत मात्र फॉस्फरस या मूलद्रव्याला स्वतंत्र नाव आहे आणि ते आपण रोज वापरतो, फक्त कारखान्यात वापरत नाही. नत्र, स्फुरद, पालाश. खताच्या पोत्यावर, कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत, आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमात हे त्रिकूट असतंच. ‘स्फुर्’ या धातूचा अर्थ थरथरणं आणि चमकणं, दोन्ही. स्फुरण, स्फूर्ती, बाहू स्फुरणं, ओठ स्फुरणं यांत थरथर आहे. स्फुरदमध्ये थरथरणारा उजेड आहे. पांढऱ्या फॉस्फरसचा अंधारातला उजेड खरोखरच स्थिर नसतो, तो लवलवतो. तेव्हा ज्या कुणी हा शब्द योजला त्याने ग्रीक शब्दाचं भाषांतर केलं नाही, वस्तू डोळ्यांपुढे आणली, आणि मला तरी ‘प्रकाशवाहक’पेक्षा ते शंभर पटीने बरं वाटतं.

पण या शब्दाची हद्द कंपाउंडच्या भिंतीपाशी संपते. चाकणला किंवा शिरोलीला भिंतीच्या अलीकडे टाकीत फॉस्फेट आहे आणि पलीकडे उसाच्या सरीत स्फुरद आहे. कित्येकदा वडील स्फुरद म्हणतात आणि मुलगा फॉस्फेट म्हणतो, दोघेही त्याच मूलद्रव्यावर पोट भरतात. त्यातही एक फट आहे : शेतकरी ‘सिंगल सुपर फॉस्फेट’ची पिशवी आणतो आणि पिकाला ‘स्फुरद’ दिलं म्हणतो. विकत घेताना इंग्रजी, देताना मराठी. टाकीतलं फॉस्फेट उजळत नाही, खतातलंही नाही. उजेड नावापुरता राहिला आहे. ज्याला आपण ‘फॉस्फोरेसन्स’ म्हणतो तो गुणधर्म तर फॉस्फरसच्या उजेडाहून वेगळाच आहे. फॉस्फरस हवेशी जळत जळत उजळतो. फॉस्फोरेसन्स म्हणजे पदार्थाने आधी शोषलेला प्रकाश सावकाश परत करणं. नाव ज्याच्यावरून पडलं त्यालाच ते लागू नाही.

फॉस्फेटिंगच्या धंद्याची स्वतःची शब्दकथा माणसांच्या आडनावांची आहे. १८६९ साली इंग्लंडमध्ये रॉस नावाच्या गृहस्थाने लाल तापलेलं लोखंड फॉस्फरिक ॲसिडमध्ये बुडवण्याचं पेटंट घेतलं, पण ते फारसं चाललं नाही. खरी सुरुवात बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ साली केली. त्यांनी फॉस्फरिक ॲसिडमध्ये लोखंडाचा कीस घातला आणि पाणी उकळतं ठेवून माल त्यात तासन् तास शिजवला. या क्रियेला ‘कॉस्लेटायझिंग’ म्हणू लागले. सायकलच्या फ्रेमवर एनॅमल चढवण्याआधी हा काढा देत. काळ्या एनॅमलखाली गंज फुटला की सायकलची अब्रू जायची.

अमेरिकेत क्लार्क पार्कर यांनी कॉस्लेट आणि रिचर्ड्‌स नावाचे आणखी एक संशोधक यांच्या पेटंटचे तिथले हक्क घेतले आणि घरच्या स्वयंपाकघरात गंजरोधक काढे उकळून पाहिले. घरच्यांचं म्हणणं काय होतं ते इतिहासाने नोंदलेलं नाही. १९१५ साली त्यांनी मुलगा वायमन याच्यासह कंपनी काढली आणि ‘पार्करायझिंग’ हा शब्द रूढ झाला. अमेरिकन लष्करी बंदुकांचा तो करडा-काळा, न चमकणारा रंग याच क्रियेचा. बंदुकीला चमक नकोच असते, आणि या क्रियेतलं मँगॅनीजचं फॉस्फेट तेल धरून ठेवतं. पार्कर हे आडनाव मुळात राजाच्या राखीव शिकारी रानाच्या राखणदाराचं. लोखंडाची राखण करणाऱ्या क्रियेला राखणदाराचं नाव पडावं, हा आणखी एक योगायोग. मोहात पडू नये म्हणून वर बजावलं आहे, तेव्हा पुढे जातो.

मग १९२९च्या सुमारास त्याच कंपनीचं ‘बाँडेराइट’ आलं. इथे धंद्याची दिशा बदलली आणि शब्दानेही वळण घेतलं. आतापर्यंतच्या नावांत गंज अडवणारा माणूस होता, आता ‘बाँड’ आला, म्हणजे बंध. तोवर लक्षात आलं होतं की नुसतं फॉस्फेट गंजाला फार काळ थोपवत नाही. मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत नुसता जस्त-फॉस्फेट केलेला पत्रा काही तासांतच डाग दाखवतो. पण त्याच्यावर रंग दिला की रंग असा धरून बसतो की ओरखडा पडला तरी गंज रंगाखालून दूरवर पसरत नाही. फॉस्फेटचं काम पत्र्याला रंगाशी बांधून देण्याचं आहे, हे त्या नावाने मान्य केलं. मिनिटांत होणारी क्रियाही तेव्हापासून आली आणि मोटारीचे कारखाने ती उचलणारच होते. इंग्रजीतले बाँड, बँड, बाइंड आणि आपले बंध, बांध, बांधणे हे पुन्हा एकाच मुळाचे. म्हणजे बाँडेराइटच्या पोटात शेताचा बांध आहे.

हे शब्द पुढे जगभर हिंडले. जर्मनीत ‘बाँडर्न’ हे धडधाकट क्रियापद झालं. जपानमध्ये १९२८ साली निघालेली निहोन पार्करायझिंग ही कंपनी आजही त्याच नावाने आहे, आणि जस्त चढवून फॉस्फेट केलेल्या पत्र्याला जपानी माणूस ‘बोंदे’ म्हणतो. आपल्याकडे जुने लोक बाँडराइझिंग म्हणायचे. आता सगळे फॉस्फेटिंग म्हणतात. कॉस्लेट मात्र पुसला गेला. ज्याने सुरुवात केली त्याचं नाव गेलं आणि ज्यांनी धंदा केला त्यांचं उरलं. याच्याही पुढचा प्रकार आहे. जस्त चढवण्याला गॅल्व्हनायझिंग म्हणतात, आणि लुईजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या तंगड्यांवर प्रयोग केले, वितळलेल्या जस्तात पत्रा कधी बुडवला नाही. तो बुडवण्याचं पेटंट १८३७ साली सोरेल यांनी घेतलं. सोरेलायझिंग कुणी म्हणत नाही.

आपल्याकडच्या लाइनला ‘सेव्हन टँक प्रोसेस’ म्हणतात : डिग्रीजिंग, पाणी, डिरस्टिंग, पाणी, फॉस्फेटिंग, पाणी, पॅसिव्हेशन. सात टाक्यांपैकी तीन नुसत्या पाण्याच्या असतात आणि निम्मं अपयश त्या तीन टाक्यांतलं असतं, कारण पाणी बदलायचा कंटाळा केला जातो. डिरस्टिंगला, म्हणजे ॲसिडमध्ये गंज काढण्याला, मोठ्या कारखान्यात ‘पिकलिंग’ म्हणतात. पोलादाचं लोणचं घालण्याची ही कल्पना ऐकून नवा मुलगा हसतो. पण शब्द सरळ आहे : पिकल आलं डच ‘पेकेल’वरून, म्हणजे मिठवणी. आपलं लोणचंही ‘लवण’मधून आलेलं. दोन्हीकडे मूळ मिठाच्या खाऱ्या पाण्याचं आहे, कैरीचंही नाही आणि पोलादाचंही नाही.

शेवटच्या टाकीतलं पॅसिव्हेशन १८३६ साली श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञामुळे भाषेत आलं. तीव्र नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवलेलं लोखंड खाल्लं जायचं थांबतं, त्या स्थितीला त्यांनी ‘पॅसिव्ह’ म्हटलं. लॅटिनमध्ये त्या शब्दाच्या मुळाशी सोसणं आहे. पेशंटही तिथलाच. आपण निष्क्रिय म्हणतो, त्यात सोसणं नाही, नुसतं काही न करणं आहे. लोखंडाच्या बाजूने पाहिलं तर मला लॅटिन शब्द अधिक खरा वाटतो.

रंगाऱ्याच्या भाषेतला एक शब्द इथे आठवतो, ‘अस्तर’. घराच्या भिंतीला किंवा लोखंडी ग्रिलला रंगाआधी जो हात देतात तो अस्तराचा. कोटाच्या आतलं कापडही अस्तरच. हा शब्द फारसीतून आला, पण संस्कृत ‘स्तृ’, म्हणजे पसरणे, याचा तो जवळचा नातलग आहे आणि आपला ‘थर’ त्याच ‘स्तर’चा घासलेला तुकडा. थर आणि अस्तर हे एका घरातले, फक्त एक खुष्कीने इराणला जाऊन आला. फॉस्फेटला अस्तर म्हणावं का? म्हणता येईल, पण अस्तरही लावावं लागतं. ते येत नाही.

त्या राखाडी थरात काय आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की दोन खनिजं दिसतात. एक होपाइट, म्हणजे जस्ताचं फॉस्फेट. ते एडिंबरोचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस चार्ल्स होप यांच्या नावाचं, तेव्हा त्यात आशा शोधू नये. दुसरं फॉस्फोफिलाइट, ज्यात जस्ताबरोबर लोखंड असतं. टाकीत पत्र्याने स्वतःतून दिलेलं लोखंड ते हेच. १९२०च्या सुमारास बव्हेरियातल्या हागेनडॉर्फच्या खाणीतल्या खनिजाला हे नाव मिळालं. ‘फिलॉन’ म्हणजे ग्रीकमध्ये पान, कारण त्याचे स्फटिक पानासारखे सुटतात. आपला ‘वर्ख’ अरबीतला, त्याचाही अर्थ पान. बोलिव्हियातल्या पोतोसीच्या खाणीत मिळालेल्या निळसर हिरव्या फॉस्फोफिलाइटला रत्नांच्या बाजारात मोठा भाव आहे. तेच खनिज चाकणला कपाटाच्या दारावर, मायक्रॉनच्या जाडीचं, रंगाखाली दडून बसतं आणि त्याला कुणी भाव विचारत नाही. मोटारीच्या बॉडीच्या चाचणीत मात्र या दोन खनिजांचं प्रमाण मोजतात. फॉस्फोफिलाइट जास्त असेल तर कोटिंग टिकाऊ, कारण त्यात पत्र्याचा वाटा जास्त आहे आणि नंतरच्या क्षारी माऱ्यातही ते कमी विरघळतं.

दिल्लीचा लोहस्तंभ इथे आणायलाच हवा. मेहरौलीचा हा स्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर आहे आणि फारसा गंजलेला नाही. त्याबद्दल गूढ विद्यांपासून सगळं काही बोलून झालं आहे. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं की त्याच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण सुमारे पाव टक्का आहे. आजचं पोलाद बनवताना चुना घालून फॉस्फरस ओढून काढतात, कारण त्याने थंडीत पोलाद ठिसूळ होतं. गुप्तकाळच्या लोहारांच्या कोळशाच्या भट्टीत चुना पडत नव्हता, म्हणून तो राहिला. पावसाळ्यांमागून पावसाळे गेले, ओलं-सुकं होत राहिलं, आणि त्या आतल्या फॉस्फरसमधून पृष्ठभागावर लोखंडाच्या फॉस्फेटचा घट्ट पापुद्रा धरला. म्हणजे आधी आपण भट्टीत फॉस्फरस काढून टाकायला चुना घालतो, आणि मग तोच फॉस्फेटच्या रूपाने अंगावर यावा म्हणून सात टाक्या मांडतो. गुप्तांच्या लोहाराला टाकी लागली नाही, त्याला शतकं लागली.

आता या टाक्यांचेही दिवस मोजलेले दिसतात. फॉस्फेटिंगला पाणी तापवावं लागतं, तळाशी सतत स्लज साठतो, आणि सांडपाण्यातलं फॉस्फेट तळ्यात गेलं की तिथे शेवाळ माजतं, कारण ते शेवटी स्फुरदच आहे, खत आहे. म्हणून मोटारीच्या कारखान्यांनी गेल्या काही वर्षांत झिर्कोनियमच्या द्रावणाकडे वळायला सुरुवात केली आहे. त्याचं कोटिंगही पत्र्याशी क्रिया करूनच येतं, पण फॉस्फेटपेक्षा कितीतरी पातळ, डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतकं. झिर्कोनियमचं नाव झिरकॉन या खड्यावरून आलं आणि तो शब्द फारसी ‘झरगून’पर्यंत जातो, म्हणजे सोन्याच्या रंगाचा. त्यातला ‘झर’ आपल्या पैठणीच्या जरीत आहे, जरतारीत आहे. संस्कृत हिरण्यही त्याच कुळातलं. नव्या टाकीवर उभा राहणारा पोरगा यांपैकी काहीही म्हणणार नाही. झिर्कोनियम हे तोंडात बसणारं नाव नाही, आणि त्या लाइनला सगळे वर्षानुवर्षं ‘फॉस्फेटिंग’च म्हणत आले आहेत. टाकीत फॉस्फेटचा थेंब नसला तरी तिचं नाव तेच राहील, असा माझा अंदाज आहे. फक्त नखाची ती रेघ आता उमटणार नाही, त्यामुळे कोटिंग आलं की नाही हे सांगायला सुपरवायझरला यंत्र मागवावं लागेल.